रोस्ट कापील तो अध्यक्ष

गुड फ्रायडेला ब्रॅडरॉइडकडून आम्ही रग्बीत चव्वेचाळीस-दोन असे हरलो, आणि त्यातल्या आमच्या दोन गुणांपायी वॉल्टर बॅरक्लफचं मनगट मोडलं.

झालं असं, की सामना संपत आला असताना आपल्या पोरांना एक पेनल्टी किक मिळाली आणि चेंडू चक्क दोन खांबांच्या मधून गेला. स्कार्थवेल क्लबाचा अध्यक्ष असूनही त्या मोसमात आनंदाने उडी मारायची वॉल्टरला सवय उरली नव्हती. त्याने ती मारली आणि संचालकांच्या कठड्यावरून खालच्या रांगेत एका बाईच्या थर्मासवर पडला. बाई ब्रॅडरॉइडची होती. तिला काही झालं नाही, तिच्या चहालाही नाही. वॉल्टरचा उजवा हात मात्र बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला.

दुसऱ्या एखाद्या क्लबात अध्यक्षाचा हात मोडला तर सह्या अडतात. आमच्याकडे रोस्ट अडलं.

वॉल्टरच्या आजाने, एझ्राने, रूबार्ब या आंबट देठांच्या भाजीच्या शेताचा सगळ्यात उतरता तुकडा, म्हणजे जिथे रूबार्बसुद्धा धड येत नव्हता तो, रग्बीला दिला. तेव्हापासून संचालकांची बैठक बॅरक्लफांच्या घरी, रविवारी दुपारच्या जेवणावर, म्हणजे अख्ख्या भाजलेल्या बीफच्या रोस्टवर, होते, आणि संचालकही बॅरक्लफच असतात. पहिल्याच वर्षी जर्सीच्या रंगावरून मंडळी इतकी भांडली की बीफ गार पडलं आणि ग्रेव्हीवर साय धरली. एझ्राला हरणं चालायचं, गार मांस चालायचं नाही. त्याने तिथल्या तिथे नियम केला: मतं समसमान पडली तर जो रोस्ट कापील त्याचं मत शेवटचं, आणि पुढचं रोस्ट कापलं जाईपर्यंत अध्यक्षही तोच. मग त्याने स्वतःच सुरी उचलली आणि जर्सी रूबार्बच्या देठापानांसारखी गुलाबी-हिरवी ठरली. त्या रंगात आपले तेरा दांडगे पुरुष मैदानात उतरले की समोरच्यांना हसू आवरत नसे. सुरुवातीचे काही सामने आम्ही जिंकलो ते त्या हसण्याच्या जोरावर, असं जुनी माणसं सांगतात. पुढे लोकांना रंगाची सवय झाली, आणि तिथून आमची घसरण सुरू होते.

एझ्रानंतर सुरी त्याच्या मुलाकडे आली, मग वॉल्टरकडे. इतक्या वर्षांच्या जमेच्या बाजूला एकच कप आहे. तोही बर्फात समोरच्यांची बस अडकली आणि पोहोचले तेवढे नऊ खेळाडू नि त्यांचा ड्रायव्हर आमच्याशी खेळले त्या सालचा. ड्रायव्हर चांगला खेळला, हेही खरं आहे. खर्चाच्या बाजूला वाऱ्याने उडून शेजारच्या रूबार्बच्या शेडवर जाऊन बसलेलं प्रेक्षागृहाचं छप्पर, आणि आमचा सगळ्यात वेगवान गडी देऊन त्याच्या बदल्यात आलेले दिवे. त्यांतले निम्मे लागतात. गडी ऑस्ट्रेलियात सुखात आहे.

आणि आता लीगच्या कचेरीतला एक माणूस घरी येऊन सांगून गेला होता की टीव्हीवाल्यांचा पैसा येतोय, एवढ्याशा गावांना वेगवेगळे क्लब परवडणार नाहीत. स्कार्थवेल आणि ब्रॅडरॉइड यांनी एक व्हावं, मैदान ब्रॅडरॉइडचं, नाव 'व्हॅली पँथर्स'. नको असेल तर शेवटच्या वर्गात आपलं आपण बघा. उत्तर मंगळवारी सकाळी फोनवर हवं.

आमच्या खोऱ्यात पँथर कुणी पाहिलेला नाही. एकदा सर्कशीतला उंट सुटून घाटावर फिरला होता, पण उंटाचं नाव कुणी सुचवलं नाही.

*

ग्लेनिस ही वॉल्टरची थोरली. घरासाठी कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या शाखेत ती मॅनेजर आहे, म्हणजे थोड्या लोकांना कर्ज देणं आणि पुष्कळ लोकांना न देणं हे तिचं काम. टेबलापलीकडे गहिवरलेली माणसं तिने खूप पाहिली आहेत. तिच्या मते स्कार्थवेल हा क्लबच नव्हता, ती एक सवय होती. एक होण्याला तिचं मत हो होतं, आणि त्यात तिला लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

शुक्रवारी इस्पितळातून वडिलांना घरी आणताना त्यांच्या प्लास्टरकडे बघून तिच्या मनात पहिला विचार आला तो मात्र तिने लपवला. यांना दुखत असेल, हा विचार दुसरा आला.

शनिवारी तिने घरी पावाच्या तीन लाद्या कापून पाहिल्या. तिचा नवरा क्लाइव्ह दारात उभा राहून बघत होता.

"अंगठा आत घे," तो म्हणाला. "जाईल."

"तू लोकांना गाडी शिकव. मला शिकवू नकोस."

"बरं." त्याने एक काप उचलला, लोणी लावलं आणि खाल्ला. क्लाइव्हचा धंदाच मोटार शिकवण्याचा. नवशिक्याच्या शेजारी बसून तोंडाने शांत राहायचं आणि पायाने ब्रेक शोधायचा, यात त्याची अर्धी हयात गेली होती.

क्लाइव्ह जन्माने ब्रॅडरॉइडचा. नदीपलीकडचा, बसने चार थांब्यांवरचा. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी बॅरक्लफांच्या घरी त्याची ओळख 'आपल्या ग्लेनिसचा तो ब्रॅडरॉइडवाला' अशीच होती. लग्नात ग्लेनिसचा धाकटा भाऊ रॉडनी सुटाच्या आत गुलाबी-हिरवी जर्सी घालून आला होता आणि शपथा सुरू झाल्यावर त्याने कोटाची बटणं सोडली होती. बैठक असली की क्लाइव्हला स्वयंपाकघरात बसवत. शत्रूच्या माणसासमोर क्लबाची चर्चा नको, म्हणून. तो बटाटे सोले, आणि भिंतीतल्या खिडकीतून जेवणाच्या खोलीत भांडी सरकवी. त्याचं ताट त्याच खिडकीतून त्याच्याकडे येई.

या प्रश्नात नवऱ्याचं मत काय, हे ग्लेनिसने त्याला विचारलं नाही. ब्रॅडरॉइडच्या माणसाला ब्रॅडरॉइडचं मैदान नकोसं का होईल?

*

मेविस आत्या म्हणजे वॉल्टरची मोठी बहीण. मैदानाच्या वरच्या टोकाला चहाची, मांस भरलेल्या गरम पाईची आणि शिजवलेल्या वाटाण्यांची टपरी तिची. ती टपरी एझ्राने बांधली आणि उलटी बांधली. तिची खिडकी मैदानाकडे नाही, भिंतीकडे आहे. त्यामुळे जन्मभर क्लबात राहून आत्याने सामना असा कधी पाहिलाच नाही. ती गिऱ्हाइकांचे चेहरे बघे आणि त्यावरून स्कोअर ओळखे. हल्ली ओळखायला कठीण नव्हता.

आत्याचंही मत हो होतं. नव्या क्लबात पक्क्या भिंतींचं स्वयंपाकघर असेल आणि वाफेवर शिजवायचं यंत्र असेल, असं ग्लेनिसने तिला सांगितलं होतं. चाळीस वर्षं रॉकेलच्या शेगडीवर वाटाणे शिजवणाऱ्या बाईला वाफेचं यंत्र म्हणजे काय वाटत असेल, त्याचा अंदाज ग्लेनिसने बरोबर केला होता.

ईस्टरच्या रविवारी सकाळी आत्या पुडिंगचं पीठ फेटायला स्वयंपाकघरात आली, तेव्हा क्लाइव्ह बटाटे सोलत होता. त्या दोघांचं जमायचं. तो तिच्या टपरीचं नेमाचं गिऱ्हाईक होता. घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला तो यायचा, समोर ब्रॅडरॉइड असो वा नसो, आणि जावई असून तिकीट काढून यायचा. पाई आणि वाटाणे घेऊन खांबांमागे उभा राहायचा. मध्यंतराला दुसरी पाई घ्यायला आला की त्याचा चेहरा बारशाला आलेल्या आजोबांसारखा असायचा, आणि आत्या समजायची की आपण चांगलेच मागे आहोत. क्लबाचा सरळ हिशेब मांडला तर त्याच्याइतका इमानी प्रेक्षक आमच्याकडे दुसरा नव्हता. आणि तो आमचा नव्हता.

"मजा आहे तुझी," आत्या पीठ फेटत म्हणाली. "आता दोन्ही गावांचा एकच क्लब. सासर-माहेर एकत्र."

क्लाइव्ह हं म्हणाला. सोलणं मात्र थांबलं नाही. हातातला बटाटा सोलून झाला होता तरी तो सोलत राहिला, आणि शेवटी त्याच्या चिमटीत गोटीएवढं काहीतरी उरलं. त्याने ते पातेल्यात टाकलं. आत्याने पातेल्यात पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पीठ फेटायला लागली.

*

वॉल्टर टेबलाच्या टोकाला एझ्राच्या फोटोखाली बसला होता. प्लास्टर त्याने मिठाच्या भांड्याशेजारी ठेवलं होतं, दुसरी जागाच नव्हती. समोर शिंगाच्या मुठीची सुरी, मोठा काटा आणि धार लावायची सळई, आणि मधोमध बीफचा गोळा, वाफाळता. आधी ग्रेव्हीने भरलेली पुडिंगं, म्हणजे पिठाच्या फुगलेल्या खारट वाट्या, खायची आणि मग मांस, हा आमच्याकडचा क्रम. पुडिंगावर मतं घ्यायची हा बॅरक्लफांचा.

वॉल्टरचं नाही. रॉडनीचंही नाही असणार, हे धरलेलं. रॉडनी एकेकाळी स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघ डोकी भिडवून रेटतात त्या घोळक्याच्या, पहिल्या रांगेत डोकं घालायचा. आता तो क्लबाचा कोच होता आणि डोक्याची जागा तीच होती. ग्लेनिस आणि मेविस हो. दोन-दोन. वॉल्टरने शुक्रवारपासून डाव्या हाताने सुरी धरायचा सराव केला होता. ग्लेनिसने पाव कापले होते, तर त्याने घरातल्या साबणाच्या वड्या कापल्या होत्या.

पण रॉडनी पुडिंगाकडे बघत बसला. मग त्याने सांगितलं की शुक्रवारी सामन्यानंतर ब्रॅडरॉइडच्या कोचने त्याला बाजूला घेतलं होतं. नव्या क्लबात त्याला दुय्यम कोच करणार होते. गाडी देणार होते.

"कसली गाडी?" वॉल्टरने विचारलं.

"पाच दारांची."

"रंग?"

रॉडनीने ग्रेव्हीत चमचा फिरवला. "निळा."

निळा रंग ब्रॅडरॉइडचा. वॉल्टर वर फोटोकडेही बघेना. आपण एकटे उरलो, हे त्याला कळलं. सुरीचा आता प्रश्नच नव्हता, तीनास एक झालं होतं. बापाने आपल्या हातात सुरी देताना 'गार होऊ देऊ नकोस' एवढंच सांगितलं होतं. तेव्हा त्याला ते मांसाबद्दल वाटलं होतं.

ग्लेनिस इथे गप्प बसली असती तर स्कार्थवेल त्या दुपारी संपलं असतं. पण जिंकलेल्या माणसाला समजावून सांगायची हौस येते. ती सांगू लागली, बसायच्या खुर्च्या कशा, गाड्या लावायची जागा कशी, आणि खाण्यापिण्याचं तर सगळंच बाहेरच्या कंपनीकडे. आत्याला कशाला हात लावायला नको.

"कशाला म्हणजे?" आत्याने विचारलं.

"कशालाच. तुम्ही आरामात बसायचं. सामना बघायचा."

"आणि पाई?"

"पाई नाहीत, आत्या. बर्गर असतील."

"आणि ते वाफेचं यंत्र?"

"ते कंपनीचं. पण तुम्हाला बघायला मिळेल की."

आत्याने चमचा ताटाच्या कडेला ठेवला आणि आपलं मत नाही असल्याचं सांगितलं. इतक्या वर्षांनी सामना बघायची जबरदस्ती ती सहन करणार नव्हती.

पुन्हा दोन-दोन. माणसं इकडची तिकडे झाली होती, बेरीज जिथल्या तिथे.

मग सगळे एकदम हलले. ग्लेनिसने सुरी उचलली. आत्याने काटा उचलला. वॉल्टरच्या डाव्या हाताला राहिलेली सळई लागली. रॉडनी बीफच्या ताटाकडे निघाला होता, पण आत्याने काट्याची टोकं त्याच्या बोटांकडे वळवताच तो परत बसला.

आता एझ्राच्या नियमाचा अर्थ लावणं आलं. सुरी धरील तोच कापणारा, असं ग्लेनिसचं म्हणणं. काट्याने दाबून धरल्याशिवाय कापून दाखव, असं आत्याचं. धार लावल्याशिवाय सुरी ही सुरीच नव्हे, असं वॉल्टर म्हणाला, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. नियम लिहिलेला कुठे नव्हता. बॅरक्लफ लिहून ठेवत नाहीत, भांडून ठेवतात. रॉडनीने नाणं उडवायचं सुचवलं, तेव्हा तो गेल्या मोसमात किती नाणेफेकी हरला ते ग्लेनिसनेच त्याला ऐकवलं, आपल्या बाजूचा असूनही.

पुडिंगं बसली. ग्रेव्हीवर साय धरू लागली.

"वॉल्टर, ते ताट खिडकीतून आत दे," आत्या काटा न सोडता म्हणाली. "ओव्हनमध्ये तरी राहील."

वॉल्टरने प्लास्टरच्या कोपराने ताट खिडकीपर्यंत ढकललं. पलीकडून दोन हात आले आणि ताट घेऊन गेले.

"क्लाइव्ह, बघ रे ते. मांस गार होतंय," आत्याने खिडकीकडे मान वळवून म्हटलं, आणि जरा थांबून, "तुला योग्य वाटेल ते कर."

आत्या हे सहज म्हणाली की कसं, यावर त्या घरात आजही मतं समसमान आहेत.

भांडण पुढे चाललं. आता ते मागच्या कुठल्याशा ईस्टरला कुणाला बटाटे कमी पडले होते तिथपर्यंत गेलं होतं. इतक्यात खिडकी सरकली. एक ताट आलं. मग दुसरं, तिसरं, चौथं. प्रत्येकावर मांसाचे पातळ, सारखे काप, शेजारी बटाटे, एका ताटात गोटीएवढा एक. पाचवं ताट आतच राहिलं.

"थांबवेना," क्लाइव्ह खिडकीत वाकून म्हणाला. "तुमची सुरी तिकडे होती, म्हणून पावाची घेतली. चालेल ना?"

जेवणाच्या खोलीत तीन माणसं सुरी, काटा आणि सळई धरून उभी होती. हळूहळू ती बसली.

"त्याने कापलं," आत्या म्हणाली.

"तो ब्रॅडरॉइडचा आहे," रॉडनी म्हणाला.

"एझ्रा म्हणाला, कापील तो. कुठला तो, हे नाही म्हणाला."

ग्लेनिसने सुरी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर सतरा वर्षांत नवऱ्याबद्दल कधी दिसला नव्हता तेवढा अभिमान दिसू लागला. तिने रुमालाने ओठ टिपले आणि मंगळवारच्या फोनवर काय बोलायचं ते मनात जुळवायला घेतलं. रॉडनी मनाने निळ्या गाडीत जाऊन बसला असावा. वॉल्टर मात्र उभा राहिला, कारण एझ्राचा नियम पाळायचा तर उभं राहून पाळावा, असं त्याला वाटलं. त्याने प्रश्न हळू विचारला.

"क्लाइव्ह. क्लब एक करायचे की नाही?"

"नाही," क्लाइव्ह म्हणाला.

ग्लेनिसला वाटलं त्याला प्रश्न कळला नाही. तिने तो सावकाश पुन्हा सांगितला, कर्ज मागायला आलेल्यांना सांगते तसा.

"कळलाय मला. नाही." तिकीट देणाऱ्या कारकुनासारखा तो खिडकीत कोपरं टेकून उभा होता. "मी ब्रॅडरॉइडचा. लहान होतो तेव्हा वर्षातून दोनदा, नाताळनंतरच्या बॉक्सिंग डेला नि गुड फ्रायडेला, तुम्हाला हरताना बघायला मिळायचं. लग्न झालं तेव्हापासून एक आठवडा सोडून एक आठवडा मिळतं. आम्हीही काही फार जिंकत नाही हो. पण आठवडा कसाही वाईट गेला तरी नदीच्या या काठाला तुम्ही असता, त्या गुलाबी रंगात. आता तुम्हीच आम्ही झालात, तर मी बघू कुणाकडे?"

"म्हणजे आम्ही हरावं म्हणून तू आम्हाला जगवतोस?" रॉडनीने विचारलं.

"मग एरवी कशाला जगवू?"

वॉल्टर बसला. त्याने फोटोकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. सुरी हातात आल्यापासून क्लबाबद्दल इतक्या मायेने कुणी बोललेलं त्याला आठवेना.

"घरी गेल्यावर बोलू आपण," ग्लेनिस नवऱ्याला म्हणाली.

"बोलू. आधी जेव. गार होईल."

ती जेवली. काप उत्तम पडले होते, आणि हे तिला पाव कापलेल्या माणसाच्या नजरेने दिसत होतं. त्याचाच तिला जास्त राग आला. रॉडनीने आपल्या ताटातला गोटीएवढा बटाटा काट्यावर धरून बराच वेळ पाहिला आणि मग खाल्ला.

राहिला अध्यक्षपदाचा प्रश्न. पुढचं रोस्ट कापेपर्यंत स्कार्थवेलचा अध्यक्ष एक ब्रॅडरॉइडवाला होता, आणि मंगळवारचा फोन त्यालाच करायचा होता. त्याला टेबलाशी खुर्ची द्यायला रॉडनी तयार नव्हता. शत्रूने आपल्याला वाचवलं म्हणून तो शत्रू राहत नाही असं नाही, असं त्याचं म्हणणं. क्लाइव्हलाही ते पटलं. तो जागचा हलला नाही. फक्त खिडकी त्या दिवशी कुणी लावली नाही.

रोस्टचा कडेचा काप, करपलेला, कुरकुरीत, घरात नेहमी अध्यक्षाचा. क्लाइव्हला हे माहीत होतं, म्हणून त्याने तो वॉल्टरच्या ताटात ठेवला होता. आत्याने तो काट्याने उचलला, खिडकीपर्यंत गेली आणि क्लाइव्हच्या ताटात ठेवला. वॉल्टर बघत होता. त्याने डाव्या हाताने ग्रेव्हीचं भांडं उचललं, आत्याच्या मागोमाग गेला आणि हात लांब करून ओतू लागला.

निम्मी ग्रेव्ही खिडकीच्या फळीवर गेली आणि तिथून भिंतीवरून खाली. उरलेली निम्मी नेमकी त्या कडेच्या कापावर पडली. त्या मोसमात आमच्याकडून नेम धरून बरोबर लागलेली ती दुसरी गोष्ट.